ऑफिसची टीम घेऊन निर्वासितांना मदत करताय? या चुका टाळा

आमच्या टीमने निर्वासित कुटुंबांसाठी काम करायचं ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिसात जुन्या कपड्यांचा ढीग लागला. कोणी मागितले होते का, तर नाही. ज्या संस्थेमार्फत आम्ही काम करणार होतो तिथल्या ताई म्हणाल्या, हे निवडायला माझी दोन माणसं अडकतील हो, आणि कुटुंबांना सध्या हवाय तो फॉर्म भरून देणारा माणूस. म्हणून आधी यादी मागा, साइज आणि नगांसकट, आणि यादीत नाही ते गोळाच करू नका. ढीग आधीच लागला असेल तर निवडायचं काम आपलं, त्यांच्या दारात नेऊन टाकायचं नाही.

दुसरी चूक, एक दिवसाचा कार्यक्रम. २० जून हा २००१ पासून जागतिक निर्वासित दिन म्हणून पाळला जातो, त्या दिवशी बॅनर लावून टीम येते आणि पुढच्या आठवड्यात मुलं वह्या घेऊन बसलेली असतात पण शिकवणारं कोणी येत नाही. ज्यांचं सगळंच एका रात्रीत सुटलंय त्यांना हे फार लागतं. त्यापेक्षा दोघादोघांच्या जोड्या करा, आठवड्याला एकच तास द्या पण सहा महिने द्या, आणि मॅनेजरला सांगून तो तास ऑफिसच्या कॅलेंडरमध्येच टाकून घ्या. कोणी नोकरी सोडली तर जाण्याआधी नवीन माणसाची ओळख करून द्यायची.

फोटो नकोतच. "विचारून काढला" हे पुरेसं नाही, कारण मदत देणाऱ्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आणि फोटोवरून पत्ता कळला तर मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होऊ शकतो. चुकून टाकला गेला असेल तर लगेच काढा आणि त्याच दिवशी संस्थेला कळवा, लपवू नका.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, दुभाषा. घरात नवीन भाषा मुलांना आधी येते म्हणून आपण सहज त्यांनाच पुढे करतो. मीही केलं. दहा-अकरा वर्षांची मुलगी आईचा रिपोर्ट समजावून सांगत होती, एका शब्दापाशी थांबली, आईकडे बघितलं आणि खाली मान घालून गप्प बसली. त्यानंतर मी कधीच मुलाला दुभाषा केलं नाही. दवाखाना, वकील, पोलिस, तिन्हीकडे मोठा आणि शक्यतो प्रशिक्षित दुभाषाच हवा, प्रत्यक्ष नाही मिळाला तर फोनवरचा चालेल.

कायदेशीर सल्ला देऊ नका, कितीही वाटलं तरी. निर्वासितांच्या हक्कांबद्दल १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्याला जोडलेला १९६७ चा प्रोटोकॉल आहे, पण आश्रय कसा द्यायचा याची प्रक्रिया देशागणिक वेगळी, आणि आश्रय मागणारा आणि निर्वासित म्हणून मान्यता मिळालेला यांचे हक्कही बऱ्याच ठिकाणी सारखे नसतात. फॉर्म भरताना नावाचं स्पेलिंग कागदपत्रावर आहे तसंच्या तसं उतरवा. खूप जणांची जन्मतारीख १ जानेवारी दिसेल, कारण नोंद नसली की अधिकारी तीच टाकतात. ती आपल्या मनाने "दुरुस्त" केली की दोन कागद जुळत नाहीत आणि फाइल अडकते. असं झालंच असेल तर खाडाखोड न करता थेट वकिलाकडे किंवा संस्थेच्या केसवर्करकडे, म्हणजे त्या कुटुंबाची फाइल सांभाळणाऱ्या माणसाकडे जा.

आणि "तिकडे काय झालं होतं?" हे विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीन गोष्टी आहेत, बघा, ऐका, जोडून द्या, म्हणजे हवी ती मदत देणाऱ्यांशी गाठ घालून द्या. खोदून विचारा असं त्यात कुठेच नाही. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐका, मध्ये तोडू नका, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना ती गोष्ट कोणाला सांगू नका. ऐकून तुम्हालाच झोप लागेना तर संस्थेच्या कोऑर्डिनेटरशी बोला, त्या कुटुंबाशी नाही.