मेसडेकवरून वॉर्डरूमकडे: सेलरने अधिकारी कसं व्हावं

नौदलात सेलर म्हणून भरती झालेल्या मुलाला पुढे अधिकारी होता येतं, हे आमच्या माण-खटावकडे अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. गावोगावी फौजी आहेत, पण फौजी म्हटलं की पायदळ नाहीतर तोफखाना. नेव्हीत गेलेला पोरगा ओडिशातल्या चिल्काच्या प्रशिक्षण केंद्रातून पासआउट होऊन जहाजावर लागला की घरच्यांच्या लेखी गंगेत घोडं न्हालं. पुढची वाट कुणी विचारत नाही, आणि तो स्वतःही विचारत नाही. मी सेलर म्हणून लागलो आणि आज अधिकाऱ्याच्या गणवेशात, त्यांच्या मेसमध्ये म्हणजे वॉर्डरूममध्ये आहे. जे आज मेसडेकवर, म्हणजे जहाजावरच्या सेलरच्या राहण्याच्या जागेत आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मुख्य दार म्हणजे सीडब्ल्यू, म्हणजे ‘कमिशन वर्दी’ योजना. नोकरीत असलेल्या सेलरची शिक्षण, वय, झालेली सेवा आणि वर्तणुकीचा रेकॉर्ड यांवर छाननी होते, मग एसएसबी (अधिकारी निवडणारं सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड), मग मेडिकल आणि मग एझिमलाची नौदल अकादमी. वयाची आणि सेवेची अट वेळोवेळी निघणाऱ्या आदेशात असते. ती मेसमधल्या मित्राकडून ऐकून ठरवू नका, आदेशच वाचा. 2022 नंतर अग्निवीर म्हणून आलेल्यांनी तर हे आवर्जून करावं, कारण त्यांची सुरुवातीची मुदत चार वर्षांची आहे आणि हिशोब लवकर मांडावा लागतो.

कागद कुठून हलतो हे आधी समजून घ्या. प्रत्येक सेलरला एक डिव्हिजनल ऑफिसर असतो. सुट्टी, बढती, घरची अडचण, सगळं त्याच्यामार्फत. सीडब्ल्यूचा अर्जही तिथूनच निघतो. पण त्याला तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काय माहीत आहे? रिपोर्टिंग वेळेवर, युनिफॉर्म टापटीप, कुणाशी भांडण नाही, एवढंच असेल तर शिफारस तेवढीच पातळ होते. वर्षभर आधी त्याच्याकडे जाऊन सरळ सांगा, ‘सर, मला सीडब्ल्यूसाठी तयारी करायची आहे, मला जबाबदारीचं काम द्या.’ बहुतेक अधिकाऱ्यांना हे ऐकून आनंदच होतो. मला ज्यांनी घडवलं त्यांनी दुसऱ्याच दिवशी विभागाच्या ट्रेनिंगचं रजिस्टर माझ्या हातात दिलं आणि ज्युनियर पोरांचे क्लास घ्यायला लावले. पुढे एसएसबीत सगळ्यात जास्त कामाला आलं ते हेच.

मग येतो रिक्वेस्टचा, म्हणजे कॅप्टनसमोर विनंती मांडायचा दिवस. टेबलामागे कॅप्टन उभे, बाजूला तुमचा डिव्हिजनल ऑफिसर. नाव पुकारलं की मार्च करत पुढे यायचं, सॅल्यूट, आणि रिक्वेस्ट वाचून दाखवली जाते. डिफॉल्टर, म्हणजे चूक करून उभा केलेला असेल तर टोपी काढायला लावतात, रिक्वेस्ट घेऊन आलेल्याची टोपी डोक्यावरच राहते. माझ्या कॅप्टननी कागद बाजूला ठेवून विचारलं, ‘का?’ या एका प्रश्नासाठी खरं उत्तर तयार ठेवा. पगार हे कारण असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण त्याच्या पलीकडे तुम्हाला काय करायचंय ते सांगता आलं पाहिजे. जहाजावर कोणता निर्णय तुम्हाला स्वतः घ्यावासा वाटतो? तिथून सुरुवात करा.

वर्तणुकीच्या रेकॉर्डबद्दल एकच सांगतो. लिबर्टीहून, म्हणजे जहाजाबाहेर जायच्या सुट्टीहून उशिरा आलात, एखादी शिक्षा चढली, तर ती नोंद तुमच्या आधी बोर्डासमोर जाऊन बसते. नोंदी आणि ड्राफ्ट (बदल्या) सांभाळणारं ब्युरो ऑफ सेलर्स मानखुर्दला आहे. तुमच्या कागदांत शिक्षणाची, कोर्सची, खेळाची प्रत्येक भर नीट चढली आहे ना, हे स्वतः पाठपुरावा करून बघा. बारावीवर भरती झालेल्यांनी पदवीचं शिक्षण लगेच सुरू करावं. इग्नू आणि आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ दोन्ही आहेत. समुद्रावर असताना परीक्षा हुकते, म्हणून एक सत्र हाताशी राखूनच नियोजन करा.

जहाजावर अभ्यास होतो का, हे सगळे विचारतात. होतो, पण बंकवर नाही. तीन मजली बंक, खालचा गाणी ऐकतोय, वरचा घरी फोन लावतोय. मी वर्कशॉपचा कोपरा धरला होता. रात्री बारा ते चारची मिडल वॉच करून आल्यावर पुस्तक उघडू नका, झोपा. बंदरात ड्यूटी नसलेल्या दिवशी संध्याकाळी दोन तास मिळतात, तेवढे पुरतात. रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचं आणि त्यातल्या एका विषयावर मोठ्याने तीन मिनिटं बोलायचं. एसएसबीतल्या लेक्चरेटला, म्हणजे छोट्या भाषणाला एवढाच वेळ असतो. मराठी माध्यमातल्या मुलांची भीती इंग्रजीची असते. व्याकरण थोडं चुकलं तरी कुणी बाद करत नाही. गप्प राहिलात तर मात्र तुमच्यात काय आहे हे कुणाला कळणार?

एसएसबी पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी छाननी. त्यात एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा करायची. नंतर मानसशास्त्राच्या चाचण्या. साठ शब्द, प्रत्येकावर पंधरा सेकंदांत एक वाक्य. साठ प्रसंग, त्यांत तुम्ही काय कराल ते तीस मिनिटांत लिहायचं. शिवाय मुलाखत, मैदानावरची कामं आणि शेवटी कॉन्फरन्स. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि ग्रुप टेस्टिंग ऑफिसर असे तिघं तुम्हाला वेगवेगळं तपासतात. मनसा, वाचा, कर्मणा असं त्याला म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. तिन्हीकडे माणूस एकच दिसला पाहिजे.

इथे सेलर कुठे अडतो ते मी बारकाईने पाहिलं आहे. मैदानावर प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्क, म्हणजे गटाने मिळून अडथळे पार करायचं काम सुरू होतं. फळी, बल्ली, दोरी, आणि ठरावीक रंगाच्या भागालाच स्पर्श करायची मुभा. कॉलेजातला मुलगा दोरी हातात घेऊन विचार करत असतो, तेवढ्यात आपल्या सेलरने गाठ मारून फळी आणि बल्ली आवळलेली असते. गाठ सुंदर, पक्की. पण तो एक शब्द बोललेला नसतो. कल्पना दुसऱ्याने मोठ्याने मांडली, हात याचे लागले, आणि अधिकाऱ्याच्या वहीत कल्पना दुसऱ्याच्या नावावर गेली. हा दोष त्या मुलाचा नाही. नोकरीत पहिल्या दिवसापासून त्याला हुकूम ऐकून काम चोख करायला शिकवलेलं असतं. इथे त्याच्याकडून हुकमाच्या आधीची पायरी हवी असते: परिस्थिती बघणं, उपाय ठरवणं, चार लोकांना तो पटवणं. म्हणून सांगतो, फळीला हात लावायच्या आधी बोला. ‘ही फळी इथून त्या ड्रमवर टाकू, तू पलीकडून धर, मी पुढे जातो.’ आणि दुसऱ्याची कल्पना चांगली असेल तर तेही मोठ्याने मान्य करा.

ही सवय पाच दिवसांच्या बोर्डात लागत नाही. जहाजावर सकाळी बोथ वॉचेसला, म्हणजे सगळ्यांच्या हजेरीला फॉल-इन झाल्यावर काम वाटून मिळतं, तेव्हा चीफला (वरिष्ठ सेलरला) ‘येस चीफ’ म्हणण्याबरोबर एक वाक्य जास्त बोलायला शिका: ‘चीफ, आधी हे केलं तर दुपारपर्यंत ते मोकळं होईल.’ चांगला चीफ ऐकतो. एखादा ओरडेल, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा, नम्रपणे. कोचिंगवर पैसे घालण्यापेक्षा हा सराव मोलाचा, असं माझं ठाम मत आहे.

भारतीय नौदल अकादमी केरळात कण्णूर जिल्ह्यात एझिमलाला आहे, 2009 पासून. त्याआधीच्या पिढीतले कितीतरी अधिकारी गोव्यात आयएनएस मांडवीवर घडले. प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो: ड्रिल, पोहणं, दोरकाम, इस्त्री यांत तुम्ही पुढे असाल, नॅव्हिगेशनचं गणित आणि जेवणाच्या टेबलावरचे रिवाज नव्याने शिकावे लागतील. बरोबरची मुलं वयाने लहान असतात. काल तुम्ही लीडिंग किंवा पेटी ऑफिसर, म्हणजे सेलरमध्ये वरच्या हुद्द्यावर होता हे तिथे चालत नाही, पुन्हा शेवटच्या रांगेतून सुरुवात. त्या मुलांना दोरकाम शिकवा, त्यांच्याकडून गणित शिका. पासिंग आऊट परेडनंतर आई-वडील खांद्यावर पट्टी चढवतात. माझ्या वडिलांना समुद्र पहिल्यांदा तिथेच दिसला.

खरी कसोटी त्यानंतर लागते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. ज्याने मला स्प्लायसिंग (दोर गुंफून जोडणं) शिकवलं, आजारी असताना स्वतःच्या वाटणीचं जेवण बंकपर्यंत आणून दिलं, तो चीफ डॉकयार्डात समोर आला. टाचा जुळवून कडक सॅल्यूट: ‘जय हिंद, सर.’ मीही तितकाच कडक परत केला. मग त्याने हात पुढे केला आणि आम्ही तिथेच उभ्याउभ्या घरच्यांची चौकशी केली. सॅल्यूट टाळायचा प्रयत्न करू नका. तो त्याच्या शिस्तीचा आणि तुमच्या कमिशनचा मान आहे. जुन्या मेसमध्ये जाऊन पूर्वीसारखी मैफल जमवू नका, त्याने तुमचीही अडचण होते आणि त्यांचीही. पण त्यांच्या मुलाच्या ॲडमिशनला, आईच्या ऑपरेशनला उभे राहा.

सेलरमधून आलेल्या अधिकाऱ्याला दोन मोह होतात. एक, हातातलं काम स्वतःच करून टाकण्याचा. पंप उघडलेला दिसला की बाह्या सरसावतात. त्याने तुमच्या पेटी ऑफिसरचा अधिकार जातो. दुसरा मोह जास्त वाईट. सेलरच्या सगळ्या पळवाटा तुम्हाला माहीत असतात, आणि त्या माहितीचा धाक घालणं सोपं असतं. ती माहिती त्यांच्या भल्यासाठी वापरा. एखादा पोरगा आजारी म्हणून सिकला का गेला, घरी पैसे का पाठवत नाहीये, हे तुम्हाला इतरांच्या आधी कळेल. तुमच्या डिव्हिजनला याचाच फायदा व्हायला हवा.

पगाराचंही सांगतो, कारण घरचे विचारतातच. सातव्या वेतन आयोगात सेलरचा मूळ पगार लेव्हल 3 वर 21,700 रुपयांपासून, सब लेफ्टनंटचा लेव्हल 10 वर 56,100 पासून. मिलिटरी सर्व्हिस पे 5,200 ऐवजी 15,500.

वय निसटलं असेल तर अजून दारं आहेत. अनुभवी, वरिष्ठ सेलरसाठी स्पेशल ड्यूटीज अधिकाऱ्यांची योजना आहे, आणि त्यातले अधिकारी यंत्रं आणि माणसं दोन्ही ओळखून असतात. जमिनीवरची फौज चालत असेल तर डेहराडूनचं आर्मी कॅडेट कॉलेज नौसैनिकांनाही घेतं. हे कॉलेज 1977 पर्यंत आपल्या पुण्यात होतं. तिथे तीन वर्षांत पदवी होते आणि मग आयएमएत (इंडियन मिलिटरी अकादमीत) एक वर्ष. दोन्हींचा अर्ज पुन्हा डिव्हिजनल ऑफिसरच्याच टेबलावरून जातो.