मुलांना घेऊन रानावनात जिओकॅशिंग कसं करावं

शहरातल्या बागेत बाकाखाली चिकटवलेली डबी शोधणं आणि माळावरच्या दगडी बांधात दडवलेला डबा शोधणं, हे म्हणायला एकाच खेळाचे दोन प्रकार. शहरात पोहोचणं सोपं आणि लोकांच्या नजरा चुकवणं अवघड. रानात नेमकं उलट. बघायला कुणी नसतं, पण डब्यापर्यंत जाण्यातच निम्मा दिवस सरतो. सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर हा फरक आणखी जाणवतो. म्हणून अशा सहलीची आखणी डब्याकडे बघून करू नये, घरातल्या सर्वांत आखूड पावलांकडे बघून करावी.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कुणीतरी डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं. बाकीचे जीपीएसच्या आधारे तो शोधतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तसा परत ठेवतात. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ती चूक काढून टाकल्यावर लगेच, ३ मे २००० रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक बादली अर्धवट पुरून ठेवली. आत पुस्तकं, गलोल आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक डबा होता. आज ती बादली संकेतस्थळावर मंजूर होणार नाही, कारण परवानगीशिवाय डबा जमिनीत पुरायचा नाही आणि त्यात खाण्याची वस्तू ठेवायची नाही, हे दोन्ही नियम ती मोडते.

पायरी १: दुसरा आकडा आधी वाचा

प्रत्येक डब्याला दोन आकडे दिलेले असतात, १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या टप्प्यांनी. पहिला डिफिकल्टीचा, म्हणजे डबा सापडायला किती कठीण. दुसरा टेरेनचा, म्हणजे तिथवर जाणं किती कठीण. बहुतेकांची नजर पहिल्या आकड्यावर जाते, कारण हुशारीची परीक्षा तिथे वाटते. मुलांसोबत मात्र दिवस बिघडवतो तो दुसरा. टेरेन १ म्हणजे व्हीलचेअर जाईल अशी वाट. ५ म्हणजे होडी, दोर असं खास साहित्य लागणार. लहान मुलं असतील तर २ च्या वर जाऊ नका. ३ ची वाट मोठ्यांना मजेची वाटते, पण पाच वर्षांच्या मुलाला उरलेला सगळा वेळ खांद्यावर बसवावं लागतं.

आकाराकडेही बघा. मायक्रो म्हणजे कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीएवढा किंवा त्याहून लहान. आत गुंडाळलेली कागदाची पट्टी आणि बाकी काही नाही. दोन किलोमीटर चालून मुलांच्या हाती कागदाची पट्टी आली तर पुढच्या वेळी ती येणार नाहीत. स्मॉल किंवा रेग्युलर आकाराचे डबे निवडा, त्यात अदलाबदलीच्या वस्तू असतात.

मग आधीच्या लोकांच्या नोंदी वाचा, आणि फक्त काय लिहिलंय ते नाही, कधी लिहिलंय तेही. ओळीने तीन-चार जणांनी 'सापडला नाही' असं लिहिलं असेल तर डबा बहुधा गेलेला आहे. शेवटचे सगळे शोध पानगळीतले असतील आणि तुम्ही पावसानंतर निघाला असाल, तर तेव्हा उघडी दिसणारी पाऊलवाट आता कमरेएवढ्या गवताखाली असू शकते. वर्णनाखालच्या चिन्हांमध्ये गोचीड, काटे, धोकादायक प्राणी, बाबागाडी चालेल की नाही, हेही दिलेलं असतं.

पायरी २: वेळ मोजा आणि परतीची वेळ आधीच ठरवा

डोंगर चढणाऱ्यांचा १८९२ पासूनचा एक जुना ठोकताळा आहे, विल्यम नेस्मिथ यांनी दिलेला. साधारण ५ किलोमीटरला एक तास, आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा धडधाकट प्रौढांचा हिशोब झाला. मुलं असतील तर तो दुप्पट धरा, कारण ती चालत नाहीत, रेंगाळतात. मुंगळे बघतात, काठ्या गोळा करतात. त्यांच्या लेखी सहल तीच असते, त्यामुळे त्यावर चिडण्यात अर्थ नाही.

परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून घ्या आणि ती मुलांनाही सांगा. डब्यापासून तीस मीटरवर असताना 'अजून दहाच मिनिटं' म्हणणारा माणूस सहसा मोठाच असतो. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे मागे राहिलेल्या एखाद्या माणसाला कळवून ठेवा.

पायरी ३: नेटवर्क नसणार असं धरूनच फोन तयार करा

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं. त्यामुळे रेंज गेली की फोनला आपण कुठे आहोत ते कळत असतं, पण पडदा कोरा असतो. घरून निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा, डब्याचं वर्णन, इशारा (म्हणजे डबा कुठे दडलाय ते सुचवणारी सांकेतिक ओळ) आणि आधीच्या नोंदी फोनमध्ये उतरवून घ्या. अक्षांश-रेखांश कागदावरही लिहा.

लिहिताना एक घोळ टाळा. या खेळात ते अंश, मिनिटं आणि मिनिटांचा दशांश अशा रूपात देतात. ४५.५०० मिनिटं म्हणजे ४५ मिनिटं ३० सेकंद. दुसऱ्या ॲपमध्ये ते ५० सेकंद म्हणून टाकलं तर अक्षांशातच सहाशे मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे तुम्ही ओढ्याच्या चुकीच्या काठावर.

रेंज नसलेल्या ठिकाणी फोन सुरू होताना जागा सापडायला वेळ लागतो. एरवी उपग्रहांची माहिती त्याला नेटवरून पटकन मिळते. ती नसली तर थेट उपग्रहाच्या संथ संदेशातून घ्यावी लागते. म्हणून गाडी सोडण्याआधी, उघड्या आकाशाखाली, दोन-तीन मिनिटं फोन हातात धरून उभे राहा आणि गाडीची जागा नोंदवून ठेवा. त्यानंतर विमान मोड लावला तरी चालतो. बहुतेक आधुनिक फोनमध्ये जीपीएस सुरूच राहतं, आणि रेंज शोधण्यात वाया जाणारी बॅटरी वाचते. पॉवर बँक मात्र हवीच.

पायरी ४: बाणामागे जाऊ नका, वाटेने जा

फोन बाण दाखवून 'डबा ३५० मीटर' असं सांगतो तेव्हा ते अंतर पक्ष्याचं असतं. मध्ये ओढा, दरड, काटेरी कुंपण किंवा उभं पीक आहे याची त्याला गंधवार्ता नसते. बाण डावीकडे वळला म्हणून पाऊलवाट सोडून झुडपात घुसलेली कुटुंबं अर्ध्या तासाने खरचटलेल्या पोटऱ्या घेऊन त्याच पाऊलवाटेवर परत येतात. नकाशावर वाट डब्याच्या सर्वांत जवळ कुठे येते ते आधी शोधा आणि तिथवर बाणाकडे दुर्लक्ष करा. चांगला लपवणारा बहुधा वाहन लावण्याची आणि वाट सुरू होण्याची जागा वर्णनात देतो. ती दिली असेल तर तिथूनच निघा, तुमचा शॉर्टकट त्याने आधीच करून बघितलेला असतो.

शेतजमीन असेल तर फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं, कारण मालकाने ते गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. पिकातून चालायचं नाही. वासरू असलेल्या गाईला लांबून वळसा घाला, आणि कुत्रा सोबत असेल तर आणखी लांबून. कुंपणाच्या तारेला पिवळे किंवा पांढरे इन्सुलेटर दिसले तर ती विजेची समजावी. मुलांना हे कुंपणापाशी पोहोचल्यावर सांगून उपयोग नाही, निघतानाच सांगावं.

कुणी 'इथे काय करताय?' असं विचारलं तर खरं सांगा. शहरातले खेळाडू हातचं लपवायला शिकलेले असतात, रानात ते उलटतं. दुसऱ्याच्या बांधावर दगड उचलून बघणारं आणि विचारलं की गप्प होणारं कुटुंब चोरासारखंच दिसतं. फोनवरचा नकाशा दाखवा. मालक नको म्हणाला तर मागे फिरा आणि तसं नोंदीत लिहा.

पायरी ५: शेवटचे दहा मीटर

उघड्या आकाशाखाली फोनची चूक साधारण पाच मीटरची असते. लपवणाऱ्याच्या फोनचीही तेवढीच होती. दोन्ही एकाच बाजूला चुकले असतील असं नाही, म्हणून शोधाचं वर्तुळ दहा मीटर त्रिज्येचं धरा. दाट झाडीखाली किंवा कड्याला लागून ते आणखी मोठं, कारण तिथे संकेत पानांत अडतात आणि खडकावर आपटून उशिरा पोहोचतात. 'डबा ० मीटर' वाचून पायाखालची माती उकरणं निरर्थक आहे.

त्यापेक्षा असं करा. वीस-तीस मीटर मागे या, अर्धा मिनिट थांबा म्हणजे आकडा स्थिरावेल, आणि बाण कुठल्या झाडाकडे किंवा दगडाकडे बोट दाखवतो ते लक्षात ठेवा. मग बाजूला वळसा घालून दुसऱ्या दिशेने तेच करा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे शोधा. होकायंत्र भरकटतंय असं वाटलं तर फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा, आणि चुंबक असलेलं कव्हर काढून ठेवा. लोखंडी कुंपणाशेजारी त्यावर विश्वास ठेवूच नका.

यानंतर फोन खिशात. आता डोळ्यांचं काम. निसर्गात न बसणारी गोष्ट शोधायची: शेजारीशेजारी नीट रचलेल्या काटक्या, शेवाळाची बाजू खाली गेलेला दगड, ढोलीच्या तोंडाशी एकटीच सालीची चकती. मुलांना खालचं आणि मोठ्यांना वरचं वाटून द्या. मुलं अनेकदा आधी शोधतात, कारण त्यांचे डोळे त्या उंचीवर असतात.

इथे एकच नियम पक्का, आणि तो अडीच वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत सर्वांना लागू: जिथे नजर आधी गेली नाही तिथे हात घालायचा नाही. काठीने उचकटा, टॉर्चने बघा, मग हात. साप, विंचू, गांधीलमाश्या यांनाही दगडांच्या फटी आवडतात. शेताच्या कडेला सापडलेली प्रत्येक बाटली किंवा कॅन म्हणजे डबा नव्हे. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या अशाच ठिकाणी पडलेल्या असतात. बाहेर खेळाची खूण नसेल तर मुलांनी ती उघडू नये, मोठ्यांना हाक मारावी.

वीस मिनिटांत सापडला नाही तर इशारा उघडा. तो तेरा अक्षरं सरकवून लिहिलेला असतो. इंग्रजी 'ए'च्या जागी 'एन', 'बी'च्या जागी 'ओ', आणि उलटही. एका कागदावर पहिली तेरा अक्षरं वरच्या ओळीत आणि उरलेली तेरा त्यांच्याखाली लिहिली की कोणत्याही अक्षरासाठी त्याच्या समोरचं अक्षर घ्यायचं. फोन एका टिचकीत हे करतो, पण अक्षरओळख झालेल्या मुलाला कागद द्या. रडकुंडीला आलेलं मूल त्या पाच मिनिटांत पुन्हा खेळात येतं. तेही जमलं नाही तर निघा. झुडपं तोडून, दगडी बांध उसकटून शोधायचं नाही.

पायरी ६: डबा उघडल्यावर

वहीत नाव लिहा. पेन स्वतःचं न्या, आतलं हमखास ओलसर असतं. वस्तू घेतली तर तितक्याच किंवा जास्त मोलाची ठेवा. खाऊ, साबणाचे फुगे, आगपेटी, टोकदार वस्तू ठेवू नका. खाऊच्या वासाने जनावरं प्लास्टिकचा डबाही कुरतडतात. मुलांना निवडायला वेळ द्या, एवढ्यासाठीच ती चालत आली.

क्रमांक कोरलेला बिल्ला किंवा नाणं दिसलं तर ते खेळणं नाही. ते एका डब्यातून दुसऱ्यात प्रवास करतं आणि त्याचा मालक संकेतस्थळावर त्याचा माग ठेवत असतो. लवकरच दुसऱ्या डब्यावर जाणार असाल तरच उचला, नाहीतर क्रमांक टिपून तिथेच राहू द्या. मुलाच्या खेळण्यांच्या पेटीत गेलेले बिल्ले सहसा परत येत नाहीत.

झाकण लावताना पिशवीची कड मध्ये अडकली नाही ना ते बघा, पाणी तिथूनच शिरतं. डबा होता तिथेच ठेवा, 'याहून चांगल्या' जागी नाही.

पायरी ७: घरी आल्यावर

आधी अंघोळ आणि गोचिडांची तपासणी: कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, केसांत. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची. तेल लावू नका, जाळू नका.

मग नोंद टाका, सापडला नसेल तरीही. 'सापडला नाही' ही नोंद डबा लपवणाऱ्याला तो तपासायला सांगते आणि पुढच्या कुटुंबाची फेरी वाचवते. फक्त 'मजा आली' लिहून थांबू नका. वाटेवर पाणी होतं का, गवत किती वाढलं होतं, कितव्या वर्षाचं मूल न उचलता चाललं, फाटक कुठल्या बाजूला आहे, हे लिहा. डबा कुठल्या दगडाखाली आहे ते मात्र लिहायचं नाही, आणि त्याचा फोटोही टाकायचा नाही.