जुन्या ड्रेसिंग टेबलला स्प्रेने चॉक पेंट मारताना

आधी एक गोंधळ मिटवू. चॉक पेंट म्हणजे फळ्याचा रंग नाही, ज्यावर खडूने लिहितात तो वेगळा. हा रंग इंग्लंडच्या ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये आणला, वाळला की खडूसारखा मऊ आणि अजिबात न चमकणारा दिसतो. आणि याची ख्याती अशी की घासायला नको, प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) नको, डबा उघडा आणि मारा. ब्रशने जाड हात मारत असाल तर हे बऱ्यापैकी खरं आहे, पण स्प्रे गनने मारताना थर पातळ बसतो आणि खालचं जे काही आहे, तेलकटपणा, ओरखडा, जुनं मेण, ते सगळं वर दिसतं. म्हणून स्प्रे करणार असाल तर मी म्हणेन दोन दिवस तयारीला द्या, प्रत्यक्ष मारणं अर्ध्या तासात होतं.

पहिल्यांदा मुठी, बिजागऱ्या, आरसा सगळं काढा. स्क्रू ज्या ड्रॉवरचे त्याच ड्रॉवरच्या नंबरच्या पाकिटात ठेवा, ड्रॉवरच्या मागेही पेन्सिलने नंबर टाका, कारण जुन्या सुताराने हाताने केलेले ड्रॉवर दिसायला सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आरसा निघत नसेल तर कडेला मास्किंग टेप आणि मध्ये कागद.

मग धुणं. बेडरूमच्या फर्निचरवर वर्षानुवर्षं केसांचं तेल, क्रीम, पावडर आणि फर्निचर पॉलिशचे स्प्रे बसलेले असतात, त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असलं तर रंग त्या जागेवरून पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आधी मिनरल टर्पेंटाइनने जुनं मेण काढा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत, मग साबणाच्या पाण्याने पुसा आणि नीट वाळू द्या. हवा खेळती ठेवा. टर्पेंटाइनची फडकी ढीग करून टाकू नका, पसरून वाळवा.

व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, कुठे सुटलंय का ते नखाने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला की आत हवा आहे. तिथे बारीक चीर देऊन वुड ग्लू सरकवा, वर प्लास्टिक आणि सपाट फळी ठेवून रात्रभर क्लॅम्प लावा. खड्डे लांबीने (लाकडाच्या पुट्टीने) भरा. नंतर १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, हलका हात, फक्त चमक घालवायची, लाकूड उघडं पाडायचं नाही, कारण व्हिनियर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकतं आणि कडेला दोन मिनिटं जास्त घासलं की आरपार. वर आधीच जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं (अमेरिकेत घरगुती रंगात शिशावर बंदी आली तीच १९७८ मध्ये), आधी टेस्ट किटने तपासा आणि तोवर कोरडं घासू नका.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. महोगनी आणि जुना लाल-तपकिरी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) दिलेलं लाकूड पांढऱ्या रंगातून वर येतं. माझ्या एका ड्रॉवरवर रात्री दोन हात मारले तेव्हा दूधासारखा पांढरा होता, सकाळी बघतो तर बरोबर मधोमध गुलाबी ढग, वर तिसरा हात मारला तरी दुपारपर्यंत तो परत वर. कारण चॉक पेंट पाण्याचा असतो आणि पाणी लाकडातला टॅनिन (लाकडाचा नैसर्गिक तपकिरी अर्क) आणि जुन्या स्टेनचा रंग विरघळवून वर ओढून आणतं, त्यामुळे आणखी हात मारत गेलात की आणखीच येतं. खात्रीचा उपाय म्हणजे लाखेवर आधारलेला प्रायमर, एक किंवा दोन हात, वाळला की २२० ने हलकं फिरवा. गडद रंग देणार असाल तर हे सोडलं तरी चालतं, पांढरा, क्रीम किंवा फिका निळा असेल तर कृपया सोडू नका.

गनबद्दल. एचव्हीएलपी प्रकारची घ्या, हवा जास्त दाब कमी, त्यामुळे रंग उडून वाया कमी जातो. चॉक पेंट दाट असतो, साधारण १.८ ते २.२ मिमी नोझल लागतं. रंग ढवळून बारीक गाळणीतून गाळा, एक गुठळी नोझलमध्ये अडकली की सगळ्या फळीवर थुंकल्यासारखे ठिपके पडतात. पाणी १० टक्क्यांपासून सुरू करा, थोडं थोडं वाढवत जा, २० च्या पुढे शक्यतो नको, आवरण कमी होतं. मग आधी पुठ्ठ्यावर. खरखरीत उडतोय तर दाट आहे किंवा गन लांब आहे, ओघळ येतोय तर पातळ आहे किंवा हात हळू आहे.

गन ६ ते ८ इंचावर, फळीला सरळ. मनगट वळवू नका, अख्खा हात सरकवा, नाहीतर मध्ये जाड आणि टोकांना पातळ होतं. ट्रिगर फळीच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवा. आधी कडा आणि कोपरे, मग सपाट भाग. कोरीव भाग असेल तर त्याला वरून, खालून, दोन्ही बाजूंनी हलके झोत द्या, इथेच गन ब्रशला मागे टाकते, खोबणीत रंग साचत नाही. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. कडक उन्हात मारू नका, रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा लागतो. मास्क आणि चष्मा हवाच. ड्रॉवरच्या बाजू आणि ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या रंगवू नका, अडकतात, तिथे फक्त मेणबत्ती घासा.

वरून संरक्षण लागतंच, नुसता चॉक पेंट डाग पितो. पायांना, बाजूंना क्लिअर वॅक्स छान, फडक्याने पातळ चोळा. वरच्या फळीवर मात्र परफ्यूम, तेल, पाणी सांडणारच, तिथे मॅट वॉटर-बेस्ड वार्निश द्या. हे आधीच ठरवा, कारण वॅक्स लावल्यावर वार्निश त्यावर धरत नाही. फिक्या रंगावर ऑइलचं वार्निश नको, पिवळं पडतं.

गन लगेच धुवा, चॉक पेंट आत वाळला तर सुई निघत नाही. हाताला कोरडं लागलं तरी वॅक्स किंवा वार्निश पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातात, तोवर वर दिवा किंवा ट्रे ठेवायचाच असेल तर खाली फेल्टचे तुकडे चिकटवा आणि सरकवू नका, उचलून ठेवा.