पापण्यांवरचा इसब आणि सोरायसिस : या चुका टाळा

बाबांना कोपरांवर आणि गुडघ्यांवर सोरायसिस आहे, मी शाळेत असल्यापासून पाहतेय. त्यामुळे एका श्रावणात माझ्या दोन्ही वरच्या पापण्या लाल झाल्या, त्यांचे पापुद्रे निघायला लागले, तेव्हा मी मनाशी ठरवूनच टाकलं की हा आपल्याकडेही आला. बाबांच्या कपाटातली ट्यूब उचलली आणि रात्री लावली. तीन दिवसांत पापण्या स्वच्छ. आठ दिवसांनी पुन्हा लाल, आधीपेक्षा जास्त. पुन्हा ट्यूब. असे चार महिने काढले. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पापण्या पाहिल्या, मग दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि विचारलं, "नखांना हे जेल कधीपासून लावताय?"

मावसबहिणीच्या लग्नापासून. म्हणजे पापण्या सोलायला लागायच्या तीनेक आठवडे आधीपासून. तो सोरायसिस नव्हताच, जेलच्या ॲलर्जीने उठलेला इसब होता.

पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते, अंगावरची सगळ्यात पातळ. हाताला, डोक्याला, कपड्याला लागलेली वस्तू तिथे थोडीशी पोचली तरी पापणी भडकते, आणि जिथून आली ती जागा मात्र धडधाकट दिसते. बोटांची कातडी जाड, त्यांना काही होत नाही. त्याच बोटांनी दिवसातून किती वेळा डोळे चोळतो, ते आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून पापणीवर काय लावू, हे विचारण्याआधी पापणीपर्यंत काय पोचतंय ते शोधा. मी ते चार महिने केलं नाही.

घरातली जुनी ट्यूब

सगळ्यात मोठी चूक हीच. कोपरावरच्या जाड चट्ट्यासाठी दिलेलं क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, म्हणजे तीव्र स्टिरॉइड, हे पापणीवर लावायचं औषध नाही. पातळ कातडीतून ते कितीतरी जास्त आत शिरतं. आठवडे, महिने लावत राहिलं तर कातडी आणखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात. डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूत सुरुवातीला दुखत नाही, दिसण्यात फरक जाणवत नाही. म्हणून तर भीती.

दुसरा प्रकार म्हणजे दुकानातून 'खाजेचं क्रीम द्या' म्हणून आणलेली ट्यूब. स्टिरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकात. स्टिरॉइडची क्रीम्स 2018 मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती मिळतात. ट्यूबवरची घटकांची यादी वाचायची सवय लावा. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' दिसलं, तर विचारल्याशिवाय डोळ्यांजवळ नेऊ नका. हा नियम शंभर टक्के पक्का नाही, पण थांबून विचारायला पुरेसा आहे.

इथे एक उलटी चूकही होते. हे सगळं वाचून लोक इतके घाबरतात की डॉक्टरांनी पाच-सात दिवसांसाठी दिलेलं हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य स्टिरॉइडही लावत नाहीत. थोडे दिवस, थोडं, सांगितलं तसं लावलं तर त्याचा उपयोग होतो. आणि महिनोन्‌महिने काही तीव्र लावत आला असाल, तर ते लपवू नका. ट्यूब सोबत न्या. ती एकदम बंद केली की चेहरा लालबुंद होऊन आग होते, आणि रोगच उसळला असं वाटून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. त्यातून बाहेर कसं पडायचं ते डॉक्टर सांगतात. माझ्या बाबतीत डोळ्यातला दाबही तपासून घ्यायला सांगितलं. दाब ठीक निघाला, पण निकाल येईपर्यंत मला शांत झोप लागली नाही.

फक्त पापणीकडे बघणं

जेल आणि अ‍ॅक्रिलिक नखांमधली अ‍ॅक्रिलेट्स, साध्या नेलपेंटमधली राळ, केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी नावाचं रसायन, काळी मेंदी, अत्तर, शाम्पू, कृत्रिम पापण्यांचा गोंद, भुवया कोरायच्या चिमट्यातलं निकेल, यातलं काहीही कारण असू शकतं. वर्षानुवर्षं लावत आलेल्या वस्तूचीही ॲलर्जी एखाद्या दिवशी सुरू होते. "मी तर हे दहा वर्षं वापरतेय" हे मीही डॉक्टरांना ऐकवलं होतं, शाम्पूबद्दल. डोळ्यात घालायच्या थेंबांतलं संरक्षक रसायन आणि निओमायसिन या अँटिबायोटिकचं मलम यांनीही पापण्या उठतात. बरं वाटावं म्हणून घेतलेलं औषधच त्रास देत असतं.

पुण्यात दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळल्याशिवाय आम्ही बायका घराबाहेर पडत नाही. तो स्कार्फ कशात धुतला, त्यावर वासाचं फॅब्रिक कंडिशनर घातलं का, हेही बघा. तासभर घामात तो कापडी वास पापणीलगत दाबलेला असतो. वास नसलेल्या डिटर्जंटमध्ये धुवून दोनदा खळबळून काढा.

आणि गाजरगवत. इथल्या माणसाने हे विसरून चालणारच नाही, कारण भारतात या गवताची पहिली नोंद झाली तीच पुण्यात, 1955 च्या सुमारास. आता टेकडीच्या पायथ्याशी, मोकळ्या प्लॉटवर, नदीकाठी, सगळीकडे आहे. त्याचा परागकणांसारखा बारीक चुरा हवेतून येऊन पापण्यांवर, मानेच्या वळ्यांत, कोपराच्या आतल्या घडीत बसतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर दरवर्षी पापण्या उठत असतील, तुम्ही टेकडीवर फिरायला जात असाल किंवा सोसायटीच्या मागचं गवत हातांनी उपटलं असेल, तर डॉक्टरांना हे जरूर सांगा. एक खूणही आहे : नुसत्या उन्हाच्या ॲलर्जीत वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग आणि कानामागची जागा सावलीत असल्यामुळे बऱ्याचदा वाचतात, हवेतून येणाऱ्या ॲलर्जीत त्या वाचत नाहीत.

कारण सापडत नसेल तर पॅच टेस्ट मागा. पाठीवर छोट्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढतात, आणि 72 किंवा 96 तासांनी पुन्हा बघतात. ही दुसरी खेप लोक टाळतात, आणि उशिरा उठणारी ॲलर्जी नेमकी तिथेच हुकते. आपल्याकडच्या नेहमीच्या संचात गाजरगवतही असतं. पट्ट्या असताना पाठ भिजवायची नाही, घाम आला की त्या सुटतात, म्हणून एप्रिल-मेपेक्षा हिवाळा बरा. स्वतःची क्रीमं, काजळ, शाम्पू पिशवीत घालून घेऊन जा. मी नेले होते. बाटल्यांचा तो ढीग टेबलावर मांडला तेव्हा मलाच कळलं की चेहऱ्याला किती काय काय लागतंय.

इसब की सोरायसिस, हे आरशासमोर ठरवणं

इसबात खाज जबर असते, कडा पुसट असतात, कधी पाणी सुटतं. सोरायसिसचा चट्टा जास्त ठळक, पण पापणीवर तो कोपरासारखा चांदीच्या खपल्यांचा दिसेलच असं नाही. म्हणून इतरत्र बघा : डोक्याची टाळू, कानामागे, बेंबी, नखांवरचे टाचणीसारखे खड्डे. घरात कुणाला सोरायसिस आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, माझं उदाहरण समोर आहे. शिवाय दोन्ही वरच्या पापण्या जांभळट झाल्या आणि जिना चढताना, हात वर करून केस विंचरताना स्नायूंत जोर राहत नाही, तर तो वेगळाच आजार असू शकतो. ते डॉक्टरांकडे लवकर जायचं कारण आहे.

सोरायसिस असणाऱ्यांसाठी एक गोष्ट बाबांमुळे ठाऊक झाली. टाळूला लावायचं डांबराचं किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं औषध, अंगाला लावायचं कॅल्सिपोट्रिऑल, हे डोळ्यांना झोंबतं. लावल्यावर हात साबणाने धुवा. शाम्पू धुताना मान मागे टाका. आणि पापणी चोळू नका, कारण सोरायसिसमध्ये जिथे ओरखडा जातो तिथे नवा चट्टा उठतो. इसबातही चोळणं महागात पडतं : वर्षानुवर्षं डोळे रगडणाऱ्यांचं बुबुळ पुढे येऊन शंकूसारखं होऊ शकतं. खाज सुटली की थंड पाण्यात पिळलेलं मऊ सुती कापड पाच मिनिटं मिटल्या डोळ्यांवर ठेवा. घरातल्या लहान मुलांना हे खास शिकवा.

स्वयंपाकघरातले उपाय

हळद, लिंबू, तुरटी, कडुलिंबाचा लेप, कापूर घातलेलं तेल, कपाळाला चोळलेला बाम : फुटलेल्या पापणीवर यातलं काहीही नको. आत्या प्रेमाने सांगते, मला ते नाकारणं जड गेलं, तरी नको. कोरफडीच्या गराचीही काहींना ॲलर्जी असते. लावायचंच तर वास नसलेली साधी पेट्रोलियम जेली, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. चेहरा कोमट पाण्याने धुवायचा, साबण पापणीपासून लांब, आणि टॉवेलने टिपायचा.

औषध चालत नाही असं वाटतं तेव्हा

पापण्यांसाठी डॉक्टर बऱ्याचदा टॅक्रोलिमसचं मलम किंवा पिमेक्रोलिमसचं क्रीम देतात. त्याने कातडी पातळ होत नाही, म्हणून ते नाजूक जागी बरं. पण पहिले काही दिवस आग होते, आणि तिथेच निम्मी माणसं "हे मला सोसत नाही" म्हणून सोडून देतात. मीही दुसऱ्या रात्री पुसून टाकलं होतं. आंघोळीनंतर लगेच लावू नका, कातडी पूर्ण कोरडी होऊ द्या, अगदी पातळ लावा. ट्यूब फ्रीजमध्ये थोडी गार केली की काहींना बरं वाटतं. आग बहुधा आठवड्याभरात ओसरते. ओसरलीच नाही किंवा पापणी सुजली, तर थांबा आणि फोन करा.

लाली गेली की त्याच दिवशी बंद, ही दुसरी गफलत. वरून बरी दिसणारी कातडी आतून अजून कच्ची असते. वारंवार उठणाऱ्या इसबात डॉक्टर बरं झाल्यावरही आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस लावायला सांगतात. आणि नीट लावूनही पुन्हा पुन्हा उठत असेल, तर औषध बदलण्याआधी तुमच्या वस्तू पुन्हा तपासा. माझी नखं स्वच्छ झाली तरी पापणी एकदा उठलीच. गणपतीत आत्तेबहिणीने उरलेलं जेल लावून दिलं होतं, "एकदाच" म्हणून.

यात एक दिवसही थांबू नका

डोळा आतून लाल आणि दुखरा, उजेड सहन होत नाही, दिसणं धूसर : सोरायसिस असणाऱ्यांच्या डोळ्याच्या आतल्या भागालाही सूज येऊ शकते. इसबावर एकाएकी दुखणारे बारीक फोड किंवा कोरल्यासारखे छोटे व्रण उठले, ताप आला, तर ती नागिणीच्या कुळातल्या विषाणूची लागण असू शकते, आणि ती बुबुळापर्यंत जाते. पापणीचे केस गळू लागले किंवा आत वळून डोळ्याला टोचू लागले, तेही दाखवा. यातल्या पहिल्या दोन्हीत स्किनच्या डॉक्टरांच्या पुढच्या आठवड्यातल्या वेळेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि जी ट्यूब लावत होतात ती खिशात घेऊन जा.