उशी भरलेली की रिकामी? सजावटीच्या कापडी मालाचा कोड लावताना या चुका टाळा

गणपतीला दोन महिने उरले की अलिबाग, नागाव, गुहागरच्या दुकानदारांचे आणि होमस्टेवाल्यांचे माझ्यासारख्या कस्टम्सचे कागद भरणाऱ्याला फोन सुरू होतात. "चीनवरून पडदे, कुशन, वॉल हँगिंग मागवलंय. कंटेनर न्हावा शेव्याला लागतोय, बिल ऑफ एंट्री भरून टाका." बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालाची कस्टम्सला द्यायची नोंद, त्यात मालाचा कोड लिहावा लागतो. कोड कोणता लावायचा असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "सप्लायरने इन्व्हॉइसवर लिहिलाय की!"

माशी शिंकते ती इथेच. एचएस कोड म्हणजे माल कुठल्या प्रकारात मोडतो आणि ड्युटी किती हे ठरवणारा आकडा. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे. आपल्याकडे आठ लागतात आणि शेवटचे दोन आपलेच असतात. आणि सप्लायरचे सहा तरी बरोबर कशावरून? २०११ पासून सेल्फ-असेसमेंट आहे, म्हणजे कोड आणि ड्युटी आयातदारानेच ठरवून भरायची. कोड चुकला तर जबाब आयातदाराने द्यायचा, तिकडच्या व्यापाऱ्याने नाही.

सगळ्यात जास्त नडते ती उशी. नुसतं कुशन कव्हर ६३०४ (कोडचे पहिले चार आकडे) मध्ये जातं. त्याच कव्हरात फायबर भरून आणलं, की ते ९४०४ मध्ये, म्हणजे चॅप्टरच (पहिले दोन आकडे) बदलला. एकदा पॅकिंग लिस्टवर नुसतं 'कुशन' होतं आणि मी कव्हर समजून भरलं. तपासणीत खोके उघडले तर निम्म्या उश्या भरलेल्या! दुरुस्ती होईपर्यंत ग्राउंड रेंट (कंटेनर पडून राहिल्याचं भाडं) चढत राहिला, तो कुणाच्या खिशातून गेला हे सांगत नाही. तेव्हापासून चेन उघडून काढलेला फोटो हातात आल्याशिवाय मी कोड लावत नाही. पलंगपोसाचंही तेच: साधा असेल तर ६३०४, आत भरण असेल तर ९४०४. २०२२ च्या बदलानंतर तर भरलेल्या रजया आणि पलंगपोसांना ९४०४ ४० हे स्वतंत्र घर मिळालंय.

दुसरा फसवा शब्द 'टॅपेस्ट्री'. पॉलिस्टरवर छापलेलं कुठलंही चित्र तिकडे याच नावाने विकतात. ५८०५ मात्र हातमागावर विणलेल्या किंवा सुईने भरलेल्या टॅपेस्ट्रीपुरतं आहे. भिंतीवर टांगायची छापील चादर ६३०४ मध्येच जाते.

टेबल रनर, टेबलक्लॉथ साधारणपणे ६३०२. पण टेबलाच्या मध्यभागी शोभेला ठेवायचा लेसचा, मखमलीचा किंवा ब्रोकेडचा तुकडा टेबल लिनन धरत नाहीत. तो बहुतेक ६३०४ मध्ये येतो. वसईच्या नाताळासाठी आणलेल्या, चांदण्या छापलेल्या टेबलक्लॉथला सणाची वस्तू म्हणून ९५०५ लावायचा मोह होतो. तो आवरा. ज्याचा रोजचा उपयोग आहे ते कापड सणाचं चित्र छापल्याने बदलत नाही.

विणीकडे तर कुणी बघतच नाही. बाजारात 'वेल्वेट' म्हणून येणारं बरंच पॉलिस्टर कापड खरं तर निटेड असतं, जाळीचे पडदेही बरेचदा तसेच. त्याने सबहेडिंग (चारानंतरचे दोन आकडे) बदलतं. मिश्र धाग्यात जो वजनाने जास्त, त्याचा कोड. लेबलावरच्या 'कॉटन ब्लेंड'ला अर्थ नाही, टक्केवारी मागा. मखमलीत मात्र फक्त वरची लव मोजायची, मागचं कापड धरायचं नाही.

मनात शंका असेल तर माल निघण्याआधीच मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे (आयातीआधीच कोडचा निर्णय देणारं कार्यालय) विचारता येतं. चूक माल सुटल्यावर कळली तर कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती मागता येते, पण माल सुटताना जे कागद अस्तित्वात होते तेवढेच पुरावा म्हणून चालतात. नंतर सप्लायरकडून लिहून घेतलेलं पत्र कामाचं नाही. जास्त ड्युटी भरली असेल तरी थेट रिफंड मिळत नाही. आधी असेसमेंट बदलून घ्यावं लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या आयटीसी निकालात स्पष्ट केलंय. म्हणून ऑर्डर देतानाच धाग्याची टक्केवारी, वीण आणि भरण हे तिन्ही प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर (माल निघण्याआधीच्या कच्च्या बिलावर) लिहून घ्या.