ग्राफिक्स ड्रायव्हर बसत नाही? आधी जुना मुळापासून काढा

फॉरमॅट मारू नका. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, बसत नाही म्हणून अख्खी विंडोज पुसून नव्याने टाकायची, हा सल्ला मी सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत इतक्या घरांत ऐकलाय की आता राग येतो. मुलांचे प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशोब सगळं घाईघाईत पेनड्राइव्हवर हलवायचं, त्यातलं काहीतरी हमखास राहून जायचं, आणि चार तासांनी नव्या विंडोजवरही ड्रायव्हर त्याच जागी अडायचा. कारण बहुतेक वेळा विंडोज बिघडलेलीच नसते. कार्ड नेमकं कोणतं हे कुणी नीट पाहिलेलं नसतं, नाहीतर जुना ड्रायव्हर पुरता गेलेला नसतो.

दुसरा तितकाच वाईट सल्ला म्हणजे 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करणारं' सॉफ्टवेअर टाकणं. टाकू नका. ड्रायव्हर घ्यायचा तो एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल टाकून बघा.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी पाच मिनिटं

मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे ना, मदरबोर्डाला नाही ना, हे कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. सी ड्राइव्हवर जागा मोकळी ठेवा. विंडोजचं अपडेट अर्धवट राहिलं असेल तर ते पूर्ण होऊ द्या आणि रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू केलेलं चालत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्टमध्ये होते.

कार्ड कोणतं, हे खोक्यावर वाचू नका

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसत असेल तर विंडोजला पडदा दिसतोय, पण कार्डाचा खरा ड्रायव्हर नाही. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'डिटेल्स', आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. एक लांबलचक ओळ येते. तिच्यात 'व्हीईएन' नंतर १०डीई असेल तर कार्ड एनव्हिडियाचं, १००२ असेल तर एएमडीचं, ८०८६ असेल तर इंटेलचं. त्यापुढचे 'डीईव्ही' नंतरचे चार अंक-अक्षरं हे नेमक्या चिपचं नाव. ती कागदावर उतरवून घ्या.

हे एवढं कशाला, कार्ड तर जीटी ७३० आहे, असं मला पंचवटीतल्या मावसभावानेही म्हटलं होतं. इंजिनीअरिंगला आहे, ऑटोकॅडसाठी जुनं कार्ड कुणाकडून तरी घेतलेलं. साइटवरून आम्ही ४७० मालिकेतला ड्रायव्हर उतरवला आणि इन्स्टॉलरने सांगितलं की योग्य ग्राफिक्स हार्डवेअर सापडत नाही. पुन्हा उतरवला, पुन्हा तेच. खरी गोष्ट अशी की जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या आहेत. एक ३८४ कोअरची, केपलर पिढीची, तिचा आयडी १२८७. तिला ४७० मालिका चालते, म्हणजे ४७२, ४७४, ४७५ अशा आकड्यांचे ड्रायव्हर. दुसरी ९६ कोअरची, आधीच्या फर्मी पिढीची, आयडी ०एफ०२. तिच्यासाठी शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८ चा. त्यापुढचा कोणताही तिला ओळखत नाही. मावसभावाच्या कार्डाचा आयडी ०एफ०२ निघाला. खोकं दोन्हींचं सारखंच असतं.

नव्या कार्डांतही हे आता सुरू झालंय. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेसाठी ५८० ही शेवटची मालिका आहे, ५९० पासून पुढचे ड्रायव्हर त्यांच्यावर बसत नाहीत. घराघरांत अजून १०५० टीआय आणि १०६० चालू आहेत, त्यांच्या मालकांनी 'सगळ्यात नवा तो चांगला' हे डोक्यातून काढून टाकावं.

योग्य ड्रायव्हर उतरवून डी ड्राइव्हवर ठेवा. इथपर्यंत सोपं आहे.

जुना ड्रायव्हर काढणे

इथे मी स्वतः तीन रात्री घालवल्या आहेत, म्हणून इथे सावकाश वाचा.

कंट्रोल पॅनलमधून 'अनइन्स्टॉल' केलं की ड्रायव्हर गेला असं सगळे धरून चालतात. जात नाही. त्याच्या फायली विंडोजच्या ड्रायव्हर साठ्यात राहतात, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, नोंदी राहतात, आणि पुढच्या वेळी कार्ड दिसलं की विंडोज तोच साठ्यातला ड्रायव्हर उचलून परत लावते. एनव्हिडियाचं कार्ड काढून एएमडीचं लावलं असेल तर दोघांचे अवशेष एकमेकांच्या पायात येतात. डिव्हाइस मॅनेजरमधून काढताना 'ड्रायव्हर काढून टाका' या चौकोनावर टिक केलीत तर थोडं बरं, पण अडकलेल्या पीसीवर तेवढ्याने भागत नाही. त्यासाठी 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचं फुकट साधन आहे, सगळे त्याला डीडीयू म्हणतात. ते त्याच्या निर्मात्याच्या साइटवरूनच घ्या आणि तेही डी ड्राइव्हवर ठेवा.

डीडीयू सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर उघडते तेव्हा, चालवायचं असतं. आणि सेफ मोडकडे जाण्याआधी एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. सेटिंग्जमध्ये शोधून 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते पाहा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर ते मालकाला न कळता चालू असतं. तसं असेल तर सेफ मोडकडे जाताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर तुमचा सगळा डेटा तुमच्याच मशीनमध्ये कुलूपबंद होऊ शकतो. मायक्रोसॉफ्ट खात्यात फोनवरून लॉगिन केलं की डिव्हाइसच्या यादीत ती की मिळते. आधी कागदावर लिहून घ्या, मग पुढचं काम. तसंच खात्याचा पूर्ण पासवर्ड आठवतोय याची खात्री करा, कारण सेफ मोडमध्ये चार अंकी पिन काही वेळा चालत नाही.

याच कारणासाठी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या साधनात जाऊन 'सेफ बूट'वर टिक करण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. ती टिक काढेपर्यंत पीसी प्रत्येक वेळी सेफ मोडमध्येच उघडतो. पिन चालला नाही आणि पासवर्ड आठवला नाही तर ना आत जाता येतं, ना बाहेर. त्यापेक्षा शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट म्हणा. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबा. हा सेफ मोड एकदाच लागतो, पुढच्या रीस्टार्टला विंडोज नेहमीसारखी येते.

आता ती गोष्ट, जी मी तेव्हा केली नाही. रीस्टार्ट करण्याआधी इंटरनेट तोडा. सेटिंग्जमधून नाही, हाताने. लॅनची केबल पीसीच्या मागून ओढून काढा. वाय-फायचं डोंगल असेल तर ते उपसून टेबलावर ठेवा, लॅपटॉप असेल तर एअरप्लेन मोड लावा. राउटर बंद करायची गरज नाही, घरातल्या बाकीच्यांना नेट राहू द्या.

कारण असं. डीडीयूने सगळं साफ केलं की पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोजला दिसतं की कार्ड आहे पण ड्रायव्हर नाही. नेट जोडलेलं असेल तर ती लगेच, मागच्या मागे, तुम्हाला न विचारता विंडोज अपडेटच्या ऑनलाइन साठ्यातून एक ड्रायव्हर उतरवून लावायला घेते. ते तिचं ठरलेलं काम आहे. तुम्ही त्याच वेळी आपला इन्स्टॉलर उघडता. दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर एकाच वेळी बसू पाहतात. कधी इन्स्टॉलर 'फेल्ड' म्हणून थांबतो, कधी पडदा काळा होतो तो होतोच, आणि कधी दोन्ही अर्धे बसतात आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण घेऊन कोड ४३, म्हणजे कार्ड चालत नसल्याची विंडोजची खूण, उभा राहतो.

मावसभावाच्या पीसीवर मी डीडीयू सहा-सात वेळा चालवलं असेल. योग्य ३९१.३५ हाताशी होता, तरी प्रत्येक वेळी पडदा काळा. कार्डच मेलं असावं असं वाटायला लागलं होतं. तिसऱ्या रात्री पावसामुळे लाइट गेली, इन्व्हर्टरवर फक्त पीसी आणि राउटर चालू राहिले. खोलीत पूर्ण अंधार, आणि टेबलाखाली कॅबिनेटच्या मागे लॅन पोर्टचा हिरवा दिवा फडफडत होता, सलग, न थांबता. मी काहीच उतरवत नव्हतो, मग इतकं काय येतंय आत? तिथे डोक्यात प्रकाश पडला. केबल काढली, पुन्हा साफ केलं, आणि पहिल्याच फटक्यात ड्रायव्हर बसला. तेव्हापासून डीडीयूला हात लावण्याआधी मी तो हिरवा दिवा विझलेला डोळ्यांनी बघतो.

सेफ मोडमध्ये डीडीयू उघडलं की उजवीकडे उपकरणात जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप) आणि त्याखाली कंपनी निवडा, आणि 'क्लीन अँड रीस्टार्ट' दाबा. पीसीत आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं असं माहीत असेल तर रीस्टार्ट न करणारा पर्याय घेऊन त्या कंपनीचंही साफ करा. मध्येच लाइट जाण्याचे दिवस असतील, आणि जून-जुलैत आपल्याकडे ते असतातच, तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरशिवाय हे काम काढू नका.

रीस्टार्टनंतर सगळं मोठं, ताणलेलं आणि धूसर दिसेल. घाबरू नका, हेच हवं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसला म्हणजे पाटी कोरी झाली.

बसवणे

केबल अजून लावायची नाही. इन्स्टॉलर उघडा, 'कस्टम' निवडा, 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर टिक करा. पडदा मध्ये दोन-तीनदा काळा होईल, पॉवर बटणाला हात लावू नका, दहा मिनिटं थांबा. झालं की रीस्टार्ट, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं खरं नाव तपासा, आणि मगच नेट जोडा.

डीडीयूमध्ये विंडोज अपडेटकडून ड्रायव्हर येणं थांबवण्याचा पर्याय तुम्ही वापरला असेल तर तो आठवणीने पूर्ववत करा, नाहीतर पुढे प्रिंटर लावाल तेव्हा त्याचाही ड्रायव्हर आपोआप येणार नाही.

तरीही कोड ४३ आला तर

कार्ड जुनं विकत घेतलेलं आहे का? मग ड्रायव्हर सोडा, कार्डाकडे बघा. क्रिप्टो मायनिंगमध्ये, म्हणजे आभासी चलन कमावायला रात्रंदिवस, वापरलेली एएमडीची आरएक्स ५७०, ५८० सारखी कार्डं बाजारात स्वस्तात फिरतात. मायनिंगसाठी त्यांचं बायॉस, म्हणजे कार्डातच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर, बऱ्याचदा बदललेलं असतं आणि एएमडीचा ड्रायव्हर असं बदललेलं बायॉस स्वीकारत नाही. काही कार्डांच्या कडेला एक बारीक स्विच असतो, त्यावर दोन बायॉस असतात. पीसी बंद करा, प्लग काढा, स्विच दुसऱ्या बाजूला करा आणि पुन्हा बघा. मी याने दोन कार्डं सुरू केली आहेत. स्विच नसेल तर मूळ बायॉस परत टाकावं लागतं, आणि ते पहिल्यांदाच करत असाल तर जाणकाराला शेजारी बसवूनच करा.

दुसरी शक्यता जास्त वाईट. कार्ड नकली असू शकतं, म्हणजे जुन्या जीटीएस ४५० च्या चिपवर १०५० टीआयचं नाव चढवलेलं. 'जीपीयू-झेड' हे फुकट साधन चालवा, अशा कार्डाच्या नावापुढे ते 'फेक' दाखवतं. अशा कार्डावर १०५० टीआयचा ड्रायव्हर कधीही चालणार नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याला त्या पडद्याचा फोटो दाखवा आणि पैसे परत मागा, संकोच करू नका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड मुळात दिसतच नसेल तर ड्रायव्हरचा प्रश्नच नाही. प्लग काढून कार्ड सॉकेटमधून काढा, सोनेरी पट्टीवरची धूळ मऊ ब्रशने झटका, खटका वाजेपर्यंत परत बसवा आणि ६ किंवा ८ पिनची पॉवर वायर लागली आहे का ते बघा. द्वारका परिसरातल्या एका घरात हमरस्त्याच्या धुळीचा थर इतका होता की कार्ड अर्धवटच बसत होतं.

सगळं सुरळीत झालं की चाललेला इन्स्टॉलर उडवू नका. फोल्डरच्या नावातच चिपचा आयडी आणि ड्रायव्हरचा आकडा लिहा. मावसभावाच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी मार्करने '०एफ०२, ३९१.३५, केबल काढून' असं लिहून ठेवलंय. मागच्या दिवाळीत त्याने हार्ड डिस्क बदलली आणि फोन न करता स्वतःच ड्रायव्हर बसवला.