जुनी पाकपुस्तके वाचताना

आपल्याकडे मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रुळली, म्हणून त्याआधीचे पाकपुस्तक वाचायला घेताना कोऱ्या पानावर पेन्सिलीने टिपून ठेवावे, की तोळा म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅम आणि ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. बेसनाच्या वीस लाडवांना पावशेर तूप सांगितले असेल, तर एका लाडवात जवळजवळ १२ ग्रॅम तूप उतरते, आणि पथ्य सांभाळणाऱ्याने कुठे थांबायचे ते तिथेच ठरते. मापाने भरायचा शेर मात्र निराळा, शिवाय प्रांतोप्रांती बदलणारा. तिथे ग्रॅमचा हट्ट धरू नये. जुन्या प्रवासवर्णनांतला कोसही ढोबळमानाने तीन किलोमीटरचा धरून नकाशा शेजारी ठेवावा, म्हणजे घाटातली दहा कोसांची मजल किती दमवणारी असेल, याचा अंदाज येतो.